महाविद्यालयाची निवड : खानदेशातील विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांचे नियोजन

उच्च शिक्षणाची सोय ज्या काळी खानदेशात नव्हती, त्या काळी येथील होतकरू विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. १९४५ मध्ये जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय सुरू झाले आणि ही स्थिती पालटू लागली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले आहे. १९९६ मध्ये जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. धुळे, जळगाव व नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, तर शिरपूर, फैजपूर यांसारख्या गावीही व्यावसायिक शिक्षण मिळते.

महाविद्यालय आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला असून कोणते महाविद्यालय निवडावे, हा प्रश्न पुढे आला आहे. परंतु या निवडीसाठी अनेक कुटुंबे पुरेसा वेळ देत नाहीत. आखाजी सरते, बारावीचा निकाल लागतो आणि मग आठ-पंधरा दिवसांत, ऐकीव माहितीवर, तीन-चार वर्षांचा निर्णय घेतला जातो. घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात जात असेल, तर चुकलेल्या निवडीची किंमत मोठी असते. मुलगा वर्ष गमावतो, आणि मुलीच्या बाबतीत पुष्कळदा शिक्षणच थांबते. ही हानी टाळावयाची, तर तयारी दहावीनंतर लगेच सुरू झाली पाहिजे.

निवडीचा पहिला टप्पा

महाविद्यालयाची निवड खऱ्या अर्थाने अकरावीच्या विषयांपासून सुरू होते. गणित सोडल्यास अभियांत्रिकीचा आणि जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीय शिक्षणाचा नेहमीचा मार्ग बिकट होतो. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश घेण्याचा मार्गही आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम लवकर उपजीविकेस लावतात. हे सर्व पर्याय शिक्षकांनी नववी-दहावीतच पालकांपुढे मांडावेत. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले असल्याने पसंतीक्रमाचा विचार या वयातच करावा लागतो.

पदवी कोणत्या विद्यापीठाची?

एकाच शहरातील सर्व महाविद्यालये एकाच विद्यापीठाची असतात, असा समज आढळतो. वस्तुतः कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये बहिणाबाई चौधरी विद्यापीठाशी संलग्न आहेत. वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, तर धुळ्याचे कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी जोडलेले आहे. अभियांत्रिकीची काही महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. म्हणून अभ्यासक्रमास कोणत्या विद्यापीठाची संलग्नता व कोणत्या परिषदेची मान्यता आहे, हे विद्यापीठाच्या व परिषदेच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष पाहावे. जाहिरातीवर विसंबू नये.

प्रत्यक्ष भेट

कागदोपत्री माहिती जमल्यानंतर पसंतीची तीन-चार महाविद्यालये डोळ्यांनी पाहणे अगत्याचे आहे. मे-जूनमध्ये इमारत दिसते, महाविद्यालय दिसत नाही. कारण वर्ग भरलेले नसतात. खरीप पिकांची निंदणी-कोळपणी आटोपल्यावर आणि कापसाची वेचणी सुरू होण्यापूर्वी शेतकरी कुटुंबास थोडी उसंत मिळते. पोळ्याच्या सुमाराचा हा काळ, विद्यार्थी बारावीत असताना, भेटीस योग्य होय. भेट कामकाजाच्या दिवशी असावी आणि विद्यार्थ्यासोबत पालकही असावेत. विद्यार्थिनी असेल तर आईने अवश्य जावे.

भेटीत पुढील गोष्टींची पाहणी करावी :

१. तास नियमित होतात काय व विभागात पूर्णवेळ अध्यापक किती आहेत?

२. प्रयोगशाळेतील उपकरणे वापरात आहेत, की नुसती मांडून ठेवली आहेत?

३. ग्रंथालयात मराठी व इंग्रजी क्रमिक पुस्तके पुरेशी आहेत काय? अभ्यासिका किती वेळ उघडी असते?

४. वसतिगृहात जागा किती, प्रवेश कोणत्या आधारे मिळतो, पाण्याची व भोजनाची व्यवस्था कशी आहे आणि मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका राहतात काय?

५. बसस्थानकापासून अंतर किती आणि परतीची शेवटची गाडी केव्हा सुटते?

कार्यालयात जी उत्तरे मिळतील, ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून पडताळून घ्यावीत. आपल्या तालुक्यातील विद्यार्थी भेटल्यास तो मोकळेपणाने बोलतो. शेवटच्या गाडीचा प्रश्न तर क्षुल्लक मानू नये. रावेर किंवा साक्री तालुक्यातील आडगावाहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीचे प्रात्यक्षिक सायंकाळी संपत असेल आणि गाडी त्याआधीच सुटत असेल, तर चांगल्या महाविद्यालयातील प्रवेशही निरुपयोगी ठरतो.

भेटीचा पसंतीक्रमाशी संबंध

व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत फेऱ्यांनी होतात. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर तीच स्वीकारावी लागते. पुढील फेऱ्यांचा लाभ मिळत नाही. न पाहिलेल्या महाविद्यालयाचे नाव केवळ लौकिकावरून प्रथम क्रमांकावर लिहिणे म्हणूनच धोक्याचे आहे. नियमांत बदल होत असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र वाचलीच पाहिजे.

खर्च आणि सवलती

खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण निश्चित करते. मान्य शुल्काहून अधिक रक्कम मागितली गेल्यास पालकांना विचारणा करण्याचा अधिकार आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्यात आली. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला असणे ही त्यातील महत्त्वाची अट होय. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ही सवलत नाही.

शुल्काखेरीज निवासाचा व प्रवासाचा खर्च मोजावा. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना, अनुसूचित जातींसाठी स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातींसाठी स्वयंम योजना आहे. प्रवेश रद्द केल्यास मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

शाळा व ग्रामपंचायतीचे कार्य

जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावी-बारावीतच अर्ज करावा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रे निकालापूर्वी हाती असावीत. तहसील कार्यालयात जून महिन्यात होणारी गर्दी आणि त्यातून हुकणारे प्रवेश यायोगे टळतील. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बारावीच्या विद्यार्थ्यांची यादी वाचून कोणाचे कोणते प्रमाणपत्र राहिले आहे, याची नोंद ग्रामपंचायतीला सहज करता येईल.

ज्या पालकांना एकट्याने शहरात जाऊन चौकशी करणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी शाळेने सामुदायिक भेट आयोजित करावी. एका दिवसात दोन महाविद्यालये नीट पाहून होतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी. च्या प्रवासात निम्मी सवलत असल्याने मातांनाही सोबत नेणे फार खर्चाचे नाही. सहलीसाठी एक दिवस काढणाऱ्या शाळेला या कामासाठीही एक दिवस काढता येईल.

खानदेशात महाविद्यालये उभी राहावीत, म्हणून मागील पिढ्यांनी देणग्या दिल्या, श्रम केले. त्यांतून आपल्या मुलामुलींसाठी योग्य ते महाविद्यालय समजून-उमजून निवडणे, हे आजच्या पिढीचे काम आहे. प्रत्येक गावातील एका शिक्षकाने व एका पंचायत सदस्याने जरी ही जबाबदारी पत्करली, तरी निवडीच्या चुकीमुळे वाया जाणारी अनेक वर्षे वाचतील.