नंबर आपला, ओटीपी कुणाचा?

आमच्या वहिनींचा कांदा-लसूण मसाला कोल्हापुरातच खपत होता, तोवर जीएसटीचा प्रश्न नव्हता. फक्त मालाचा धंदा असेल आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात सहसा नोंदणी लागत नाही. मग बेळगावच्या एका दुकानदाराने माल मागितला. तो भाव मराठीतच करतो, पण कायद्याच्या लेखी ते परराज्य. तिकडे मसाला पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची.

ओळखीतून एक एजंट आला. "कागद द्या, बाकी माझ्यावर सोडा." पॅन, आधार, फोटो, वीजबिल, रद्द केलेला चेक, सगळं त्याच्याकडे गेलं. 'सरकारी फी' म्हणून त्याने रक्कमही घेतली. जीएसटी नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही. एजंटाने स्वतःच्या कामाचे पैसे खुशाल मागावेत, पण त्याच नावाने. वर 'धंद्याचं वेगळं पॅन' काढून देण्याचीही त्याची तयारी होती. एकट्या मालकाच्या धंद्याला वेगळं पॅन नसतंच; मालकाचं पॅन तेच धंद्याचं. पॅनमधलं चौथं अक्षर बघा: व्यक्तीला 'पी', भागीदारीला 'एफ', कंपनीला 'सी'. एकाच व्यक्तीने दोन पॅन बाळगली तर 10,000 रुपये दंड होऊ शकतो. एवढं तरी वहिनींनी ठामपणे नाकारलं.

नंबर आला. दर महिन्याला "रिटर्न भरलं" म्हणत एजंट पैसे नेत राहिला. एक दिवस बेळगावहून फोन आला, "वहिनी, पोर्टलवर तुमचा नंबर सस्पेंड दिसतोय." रिटर्न भरलीच नव्हती. नोटिसा आल्या होत्या, पण नोंदणीत मोबाइल आणि ईमेल एजंटाचे. युजरनेम, पासवर्डही त्याच्याकडेच. आधारचा ओटीपी मात्र वहिनींच्या फोनवर आला होता आणि त्याने तो विचारून घेतला होता. विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये, तेही प्रत्येक रिटर्नला वेगळं. त्याला कमाल मर्यादा आहे, हेच काय ते नशीब. कराच्या थकबाकीवर वर्षाला 18 टक्के व्याज निराळं.

एजंट फोन उचलेना. अशा वेळी त्याच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. पोर्टलवर आपला नंबर टाकून शोधलं की आपण कोणत्या अधिकाऱ्याच्या कक्षेत येतो ते कळतं. त्या कार्यालयात ओळखीचे आणि धंद्याचे पुरावे घेऊन मालकाने स्वतः जायचं. खातरजमा झाली की अधिकारी जुना मोबाइल-ईमेल काढून आपला घालतात आणि नव्या ईमेलवर तात्पुरता पासवर्ड येतो. तो लगेच बदलायचा. मग राहिलेली रिटर्न शुल्क-व्याजासकट भरायची. रिटर्न थकल्यामुळेच नंबर सस्पेंड झाला असेल, तर ती भरल्यावर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून रद्द व्हायच्या आत हललेलं बरं.

कागद दिल्यामुळे हे झालं, असं शेजारणी म्हणतात. मला ते पटत नाही. जीएसटी नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे आपलं पॅनच. प्रत्येक बिलावर ते छापलेलं असतं, लपवणार कुठे? राखायचा तो ओटीपी. अर्जाच्या पहिल्याच पानावर मोबाइल आणि ईमेल भरतात. तेवढा वेळ एजंटाच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. आणि पोर्टलवर पॅन टाकून त्यावर किती नोंदण्या आहेत हेही अधूनमधून बघा. त्यासाठी लॉगिन लागत नाही. भलत्याच राज्यातली नोंदणी दिसली, तर पॅनच्या गैरवापराची तक्रार नोंदवायची सोय तिथेच आहे.

वहिनींची रिटर्न आता एक सीए बाई भरतात. ओटीपी वहिनींच्या फोनवर येतो. कोणत्या महिन्याचं रिटर्न आणि कर किती, हे विचारल्याशिवाय त्या तो सांगत नाहीत. सीए बाईंना याचा राग येत नाही.