हात लावण्याआधी बघायला शीक

सातारा

चि. सायली हिस,


फिजिओथेरपीला तुझा प्रवेश पक्का झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. त्याला आनंद झाला होता, पण बोलण्यात रुखरुखही होती. एमबीबीएस थोडक्यात हुकलं म्हणून हे घेतलं, असं घरात बोललं जात असणार, आणि तुझ्याही मनात तेच असेल. नीटच्या यादीतून आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुली हीच खंत घेऊन पहिल्या वर्गात बसतात. ती मनात ठेवून चार वर्षं आणि पुढची इंटर्नशिप काढू नकोस. हे शिक्षण अर्ध्या मनाने होत नाही.

सर्जन सांधा बदलून देतो, न्यूरॉलॉजिस्ट झटक्यातून जीव वाचवतो. त्यानंतर तो माणूस पलंगावरून उठणार कसा, संडासापर्यंत जाणार कसा, पुन्हा कामावर उभा राहणार कसा, हे प्रश्न उरतात. ते आपले. वाचलेल्या जिवाला चालतं-फिरतं आयुष्य मिळवून देणं हे कुणाच्या हाताखालचं काम नाही, ते स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्याकडे त्याचं शिक्षण १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झालं. तेव्हा पोलिओने लुळी पडलेली मुलं घेऊन आईबाप रुग्णालयात येत. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण आपलं काम कमी झालं नाही. आता अर्धांगवायू, अपघात, झिजलेले गुडघे, मधुमेहाबरोबर येणारा आखडलेला खांदा, अतिदक्षता विभागात कफ साठलेली छाती, सेरेब्रल पाल्सीची मुलं, सगळे आपल्याकडे येतात.

पहिल्या वर्षी अॅनॉटॉमी आणि फिजिऑलॉजी तुला दमवतील. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, कुठली नस त्याला चालवते, हे पाठ करताना कंटाळा येईल. तरी नीट कर, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एकच उदाहरण देते. स्नायूची ताकद आपण शून्य ते पाच अशी मोजतो. मांडीचा स्नायू तपासताना पेशंटला सांगायचं, 'गुडघा खाली गादीवर दाबा.' पाय हलत नाही. नातेवाईक म्हणतात, काहीच होत नाही. पण वाटीच्या जरा वर तुझी बोटं ठेवलेली असतील तर त्यांच्याखाली एक बारीक थरथर लागते. ती 'एक'. शून्य आणि एक यांत डोळ्यांना फरक दिसत नाही, बोटांना कळतो, आणि तो फार मोठा आहे, कारण नस जिवंत आहे. मग त्याला कुशीवर वळवून, पायाचा भार खालून तोलून धरला आणि गुडघा सरळ झाला, तर 'दोन'. पलंगाच्या कडेला बसून पाय स्वतःच्या बळावर पूर्ण उचलला, तर 'तीन'. एकापासून तीनपर्यंत यायला आठवडे लागतात, कधी महिने. तेवढा काळ पेशंटचा धीर टिकवणं हाही उपचारच आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पेशंट आपल्यापुढे फार तर तासभर असतो. बाकीचा दिवस तो त्याच्या घरी, त्याच्या कामावर असतो, आणि बरं होणं तिथेच घडतं. म्हणून आधी विचार, 'दिवसभर काय करता?' माझ्याकडे मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई येत. दोन्ही गुडघे दुखायचे. 'खाली बसू नका, मांडी घालू नका,' असं त्यांना आधी सांगितलं गेलं होतं. पण त्या खाली बसल्या नाहीत तर धंदा कसा करणार? मी मंडईत जाऊन त्यांची जागा पाहिली. टोमॅटोचा रिकामा क्रेट उपडा घालून त्यावर बसायचं, काटा आणि टोपल्या तेवढ्याच उंच करून घ्यायच्या, आणि प्रत्येक गिऱ्हाईक गेलं की एकेक पाय सरळ करून पाच आकडे धरायचा, एवढंच ठरवलं. दहा व्यायामांचा छापील कागद त्यांनी उशाखाली ठेवला असता. हा व्यायाम मात्र झाला, कारण तो त्यांच्या दिवसात बसला. दुखणं पुरतं गेलं नाही, पण बाई धंद्यावर टिकल्या.

गोनिओमीटरने सांध्याचे अंश मोजायला तू लवकरच शिकशील. जिना उतरायला गुडघा साधारण ९० अंश वाकावा लागतो, उकिडवं बसायला १२०च्या वर. पण कुणाला किती अंश हवेत, हे पुस्तक ठरवत नाही. घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे की कमोड, एसटीची उंच पायरी रोज चढावी लागते का, शेतात वाकून खुरपणी करायची आहे का, यावर ते ठरतं.

काही गोष्टींत मात्र कधीही सैल राहू नकोस. शेक देण्याआधी एका परीक्षानळीत गरम आणि दुसरीत थंड पाणी घेऊन, पेशंटला डोळे मिटायला सांगून, त्वचेला गरम-गार कळतं का ते तपास. मधुमेही माणसाला कधी कधी भाजलेलंही कळत नाही. पेसमेकर असलेल्याला डायथर्मी नाही. ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल तर ती चोळायची नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला असेल तर व्यायाम नाही, थेट रुग्णालय. अर्धांगवायूच्या पेशंटला घरचे लुळा हात ओढून उठवतात. त्याने खांदा सांध्यातून उतरतो. पहिल्याच दिवशी नातेवाइकांना बसवून उठवण्याची रीत शिकव, आणि त्यांच्याकडून करून घे.

आपल्या पेशात स्पर्श टळत नाही, म्हणून परवानगी टाळू नकोस. कुठे हात लावणार, का लावणार, हे आधी सांग. पडदा ओढ, चादर पुरेशी घे. खेड्यातून आलेली बाई संकोचाने दुखरी जागाच सांगत नाही. तिला विश्वास वाटला तर अर्धं निदान तीच करून देते.

'म्हणजे मालिशवाली का?' असं तुला लोक विचारतील. रागावू नकोस, दोन वाक्यांत काम समजावून सांग. नावापुढे काय लावायचं, यावरचे वादही कानावर पडतील. त्यांत शक्ती घालवण्यापेक्षा तपासणी पक्की कर. सुरुवातीचा पगार कमी असेल, हे आत्ताच सांगून ठेवते. त्या दिवसांत यंत्रं लावून पेशंट झोपवून ठेवण्याचा सोपा मार्ग समोर येईल. टेन्स, अल्ट्रासाउंड, मेणाचा शेक यांना त्यांची जागा आहे, पण यंत्राखाली झोपून कुणी चालायला लागत नाही. पेशंटला आपल्यावाचून चालेनासं करणं सोपं असतं. त्याला आपली गरज उरू नये, असं शिकवून पाठवणारीकडेच लोक आपल्या माणसांना विश्वासाने आणतात.

स्वतःची कंबरही जप. पेशंट उचलताना गुडघ्यांत वाक, त्याला अंगाजवळ घे, आणि जड असेल तर मदतीला हाक मार. दिवाळीच्या सुटीत आठवडाभर माझ्या ओपीडीत येऊन बस. काही करायचं नाही, फक्त बघायचं: पेशंट दारातून कसा येतो, कुठल्या पायावर भार टाकतो, खुर्चीत बसताना कशाचा आधार घेतो. संध्याकाळी मला सांग, त्यावर आपण बोलू.

दादा-वहिनींना नमस्कार. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
मंजूआत्या