दीक्षाभूमी : स्थळरचनेचा एक पाठ



वास्तुरचना म्हणजे इमारत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु इमारतीभोवतीची जागा, तिचा उतार, पाण्याचा निचरा, झाडे, पायवाटा आणि माणसांची ये-जा यांचा विचार करणारे स्वतंत्र शास्त्र आहे. त्यास लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात. वास्तुशास्त्राच्या पदवीनंतर त्याचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. स्थळरचना हा त्या अभ्यासाचा गाभा होय.

ही दृष्टी बौद्ध स्थापत्यात प्राचीन काळापासून आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्या आत जाता येत नाही. तेथील अनुभव बाहेरच्या जागेतच घडतो. चार दिशांची तोरणे आपणास आत घेतात, वेदिका पवित्र परिसराची सीमा आखते आणि प्रदक्षिणापथ पावलांना वळण देतो.

आता आपली दीक्षाभूमी पाहा. तेथील भव्य स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी मात्र तेथे स्तूप नव्हता. होते ते मोकळे मैदान आणि लाखोंचा जनसमुदाय. म्हणून ते मैदान ही स्तूपाभोवती उरलेली जागा नव्हे. तेच मूळ स्मारक आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी यवतमाळ जिल्ह्यातूनही गावेच्या गावे तेथे लोटतात. म्हाताऱ्या आईने कोठे टेकावे, पिण्याचे पाणी कोठे मिळावे, गर्दीला बाहेर पडण्यास किती वाटा असाव्यात, हे तेथील स्थळरचनेचे खरे प्रश्न आहेत.

तेथे भूमिगत वाहनतळाचे खोदकाम सुरू झाले, तेव्हा स्तूपाला व बोधिवृक्षाला धोका पोहोचेल या चिंतेने १ जुलै २०२४ रोजी अनुयायांनी तीव्र आंदोलन केले आणि शासनाने कामास स्थगिती दिली. आराखडा कागदावर कितीही सोयीचा असो, ज्यांची ती भूमी आहे त्यांचा विश्वास त्यात नसेल, तर तो अपुराच ठरतो.

या शास्त्राचा पहिला धडा आपल्या वसतिगृहाच्या आवारातही गिरवता येईल. पावसाचे पाणी कोठे साचते, उन्हाळ्यात काळी जमीन कोठे भेगाळते, दुपारची सावली कोठे पडते, याचा नकाशा काढा. बाबासाहेबांनी आपणास शिकण्यास सांगितले. आपल्या स्मारकांचे आराखडे जेथे आखले जातात, त्या टेबलाशी आपली मुले-मुली अधिकाराने बसलेली असावीत, हाही त्या शिक्षणाचा एक अर्थ आहे.