उद्योगसंपादन आणि नेतृत्व : अमौसीजवळचा एक अनुभव

लखनौहून कानपूरकडे जाताना अमौसी विमानतळाजवळ सरोजिनी नगर लागते. येथील स्कूटर्स इंडिया या सार्वजनिक उपक्रमाचा इतिहास, दुसरा उद्योग विकत घेऊन विस्तार करू पाहणाऱ्या उद्योजकांनी अभ्यासावा असा आहे. इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटा स्कूटरची यंत्रसामग्री, आराखडे आणि नावाचे हक्क घेऊन १९७२ मध्ये हा उपक्रम स्थापन झाला. १९७५ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले. देशात ‘विजय सुपर’ आणि परदेशांत ‘लॅम्ब्रेटा’ या नावाने ही स्कूटर विकली जाई.

त्या काळी स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. मागणीची उणीव नसतानाही उपक्रम आजारी पडला. १९९७ मध्ये दुचाकींचे उत्पादन थांबले. पुढे ‘विक्रम’ या तीनचाकीवर कारखाना तग धरून होता. २०२१ च्या जानेवारीत केंद्र सरकारने तो बंद करण्यास मंजुरी दिली.

पुण्याजवळ आकुर्डीत याच्या उलट घडले. पियाजिओशी असलेला परवाना करार १९७१ मध्ये संपला आणि बजाज ऑटोने ‘व्हेस्पा’ हे नाव गमावले. पुढच्याच वर्षी ‘चेतक’ बाजारात आली. लखनौकडे जगभर परिचित नाव होते, पुण्याकडे नव्हते. पुण्याकडे मात्र दशकभराच्या उत्पादनातून घडलेले अभियंते, सुट्या भागांचे पुरवठादार आणि विक्रेत्यांचे जाळे होते. या गोष्टी खरेदीखतात लिहून मिळत नाहीत. परवाना पद्धतीची बंधने दोघांवरही होती. तथापि सार्वजनिक उपक्रमाच्या प्रमुखाला मोठ्या खर्चासाठी मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागे, ही अडचण कमी लेखणे अन्यायाचे होईल.

म्हणून किमतीची बोलणी करण्यापूर्वी मालकाने एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी शोधावे : विकत घेतलेला आराखडा पाच वर्षांनी जुना झाल्यावर नवा कोण तयार करणार? ती माणसे आपल्याकडे नसतील, तर त्यांच्यासाठी लागणारा पैसा हा खरेदीच्या किमतीचाच भाग समजावा. बहुतेक मालक येथेच चुकतात. सारे भांडवल ताबा घेण्यात खर्च होते आणि नंतर संशोधनासाठी बँकेच्या दारात उभे राहावे लागते.

हा प्रश्न केवळ सरकारी उपक्रमांचा नाही. १९९८ मध्ये कायनेटिकने संयुक्त प्रकल्पातील होंडाचा हिस्सा विकत घेतला. मालकी पूर्ण झाली, पण तंत्रज्ञान देणारा भागीदार गेला. त्याच होंडाची ‘ॲक्टिव्हा’ २००१ मध्ये स्पर्धक म्हणून उतरली, आणि २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्रकडे गेला.

हप्त्याहप्त्याने पुढे जाण्याचा मार्गही आहे. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये प्रथम साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. ताबा मागितला नाही. लहान मोटारसायकली एकत्र विकसित केल्या. चाकणला तयार झालेली ‘२०० ड्यूक’ २०१२ मध्ये भारतात विक्रीस आली. २०२४ च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली आणि २०२५ मध्ये बजाजने तिचे नियंत्रण स्वीकारले. जोखीम मोठीच आहे. परंतु हाती आलेल्या कंपनीची वाहने चाकणच्या कामगारांनी दशकाहून अधिक काळ स्वतः बनविलेली होती.