मोटारीच्या झांकणाचा टेकू

तरफेचा नियम पाठ म्हणून दाखविणें सोपें आहे. परंतु ज्याच्या डोक्यावर वजन टांगलेलें आहे, त्यास तो नियम खरोखर समजलेला असावा लागतो. म्हणून आज आपण एका जुन्या मोटारीच्या बॉनेटाचें, म्हणजे एंजिनावरील झांकणाचें, उदाहरण घेऊं.

इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत 'एम्. जी. बी.' नांवाची मोटार तयार होत असे. अशा पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, व हौशी लोक त्या अद्यापि जपतात. हिच्या बॉनेटाच्या बिजागऱ्या कांचेच्या बाजूस असून तें पुढून उघडतें. आरंभीं तें अ‍ॅल्युमिनियमचें होतें, पुढें पोलादाचें झालें. उघडलेल्या बॉनेटास दांडीचा टेकू द्यावयाचा, ही जुनी रीत. परंतु दांडीची खोबण झिजली, अगर वाऱ्याच्या झोतानें बॉनेट किंचित् उचललें गेलें, कीं दांडी निसटते आणि सारा भार खालीं वांकलेल्या मनुष्याच्या मानेवर येतो.

पहिला उपाय अल्प खर्चाचा आहे. दांडीचें टोंक सरळ करावें, झिजलेली खोबण बदलावी, आणि टोंक तींतून सुटूं नये म्हणून आडवी खीळ घालावी.

दुसरा उपाय वायूच्या टेकूचा. एका बंद नळकांड्यांत दाबून भरलेला नायट्रोजन वायु दट्ट्याची दांडी बाहेर ढकलीत असतो, व आंतील थोडें तेल तिची गति मंद करतें. असे दोन टेकू दोन बाजूंस लाविले म्हणजे बॉनेट आपोआप तोललें जातें. मात्र त्यांचें बळ किती असावें, हें तरफच सांगते.

बॉनेट जवळजवळ आडवें असतां त्याची पुढची कड तागडीच्या कांट्यानें उचलून पाहावी. समजा, कांटा ६ किलो दाखवितो व कड बिजागरीपासून १०० सेंटिमीटरांवर आहे. तर भाराचें परिबल ६०० झालें. बॉनेट ४५ अंश उघडलें, कीं भाराचें आडवें अंतर सुमारें सात दशांश उरतें, म्हणून परिबल ४२० होतें. त्या स्थितींत टेकूची रेषा बिजागरीपासून १५ सेंटिमीटर लंबांतरावर असेल, तर ४२० भागिलें १५, म्हणजे २८ किलोंचें बळ पाहिजे. प्रत्येक टेकूस १४ किलो, अथवा सुमारें १४० न्यूटन.

येथें पुष्कळ लोक अधिक बळाचा टेकू घेतात. त्यानें झांकण बंद करतांना जोर लागतो, पातळ पत्रा वांकतो व बिजागऱ्या ताणल्या जातात. पोलादी बॉनेटास योग्य असलेला टेकू अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या बॉनेटास म्हणूनच घातक होय. एकाच बाजूस टेकू लाविल्यास बॉनेट पिळवटतें. शिवाय उष्णतेनें वायूचा दाब वाढतो: १७ अंश सेंटिग्रेडवरून ४७ अंशांवर गेल्यास सुमारें दहावा हिस्सा. उलट थंडीच्या पहाटे तो उणा पडतो, व वर्षानुवर्षें वायु हळूहळू निसटतोही. यास्तव जुनी दांडी फेंकून न देतां गाडींतच ठेवावी, आणि एंजिनावर दीर्घकाळ काम करावयाचें असल्यास ती लावावी.

टेकू बसवितांना शक्यतों मूळच्याच बोल्टांचा उपयोग करावा. जुन्या पत्र्यास पाडलेलें भोंक पुन्हां बुजत नाहीं, व तेथूनच गंज धरतो. बॉनेट बंद असतां दट्ट्याची दांडी खालच्या बाजूस राहील असें पाहावें, म्हणजे तेल तोंडाशीं राहून वायु अडविणारी चकती कोरडी पडत नाहीं. नळकांडें मात्र कधींही कापूं अगर तापवूं नये.

आतां विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करावा: कांटा ६ च्या जागीं ४ किलो दाखवीत असेल, तर प्रत्येक टेकूचें बळ किती घ्यावें? उत्तर ९ किलोंहून किंचित् अधिक आलें पाहिजे.