सभामंडप आणि रंगमंदिर

देवालयाच्या रचनेत गाभाऱ्यापुढे सभामंडप असतो. गाभारा देवाचा, मंडप समाजाचा. कीर्तन, पुराण, भजन आणि प्रसंगी गावचा विचारविनिमय यांस पूर्वी हीच जागा असे. अशा सार्वजनिक जागांचा इतिहास चाळला असता एकच कसोटी हाती लागते : तेथे कोणास बसता येत होते?

प्राचीन अथेन्समध्ये डायोनायसस देवाच्या उत्सवात टेकडीच्या उतारावर नाटके होत. म्हणजे तेथेही रंगभूमी देवाच्याच अंगणात वाढली. रोमचे कलोसियम इसवी सन ८० मध्ये खुले झाले. तेथे प्रवेशास मोल नव्हते, परंतु आसने मात्र दर्जाप्रमाणे लावलेली होती. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही जैन वास्तू १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती उभारली. तिच्या मंडपाच्या छतातील पाषाणकमळ आजही पाहणाऱ्यास थक्क करते.

पुढे नाटकाने देवालयाबाहेर स्वतंत्र घर केले. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगली दरबारच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले. नाटकमंडळ्या गावोगाव हिंडू लागल्या, दरबाराची जागा तिकिटाने घेतली, आणि ज्याच्या गाठीस पैसा त्यास पुढची जागा, अशी नवी वाटणी झाली. निपाणीकरांस जवळच्या कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी रोमन धर्तीचे खासबाग मैदान कुस्तीसाठी उभारले व शेजारी १९१५ साली पॅलेस थिएटर बांधले. पुढे केशवराव भोसले यांचे नाव लाभलेले ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले, तेव्हा अवघे शहर हळहळले.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात टिळकवाडीस राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष महात्मा गांधी. त्यांच्यासमोर बालवयीन गंगूबाई हनगल यांनी गायन केले. मंडप उठला; पाण्यासाठी खोदलेली विहीर तेवढी खूण म्हणून राहिली. पुढच्याच एप्रिलमध्ये, १९२५ साली, निपाणीस बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्यांना गावच्या सभामंडपात पाऊल ठेवता येत नव्हते, त्यांना आपली सभा निराळी भरवावी लागली, ही गोष्ट आम्ही देवालयांशी नाते सांगणाऱ्यांनी विसरता कामा नये. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला, तेव्हा हा भाग त्याच प्रांतात होता.

कायद्याने दार उघडते. परंतु आत आलेल्यास ‘बसा’ असे म्हणणे आपल्याकडे असते. उत्सवाच्या पंगतीत, कीर्तनाच्या बैठकीत, मंडळाच्या सभेत शेवटच्या रांगेत नेहमी तीच माणसे बसतात काय, हे आपण आपल्याच मंडपात पाहावे. देवासमोर सर्व समान, हे वचन आम्ही नित्य ऐकतो. त्याची परीक्षा सतरंजीवरच होते.