इमारतीत बिनतारी जाळे कसे बसवावे



अमरावतीच्या आमच्या शाळेची जुनी दगडी इमारत व तिच्या मागील वसतिगृह ह्या दोहोंत बिनतारी इंटरनेट, म्हणजे सर्वजण ज्यास वायफाय म्हणतात ते, बसविण्याचे काम आम्ही काही शिक्षक व वरच्या वर्गांतील विद्यार्थी यांनी मिळून केले. हे काम पहिल्या खेपेस फसले व दुसऱ्या खेपेस साधले. ते का फसले व कशाने साधले, ह्याचा विचार पदार्थविज्ञानाच्या एखाद्या प्रयोगाइतकाच बोधप्रद आहे, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले.

प्रथम ह्या कामाची निकड सांगतो. अकरावीचा प्रवेश अमरावती शहरात काही वर्षांपासून, आणि २०२५ सालापासून सबंध महाराष्ट्रात, ऑनलाइन अर्जानेच होतो. पुढे शिष्यवृत्ती हवी असल्यास तिचा अर्जही महाडीबीटी ह्या सरकारी संकेतस्थळावरच भरावा लागतो. अर्जाची मुदत ठरलेली असते. ती टळली की गुणवंत मुलाचाही हक्क हातचा जातो. शहरातील मुलास घरी सोय असते. परंतु धारणी-चिखलदऱ्याकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने काय करावे? मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ साली राज्य सरकारने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून हाती घेतले, हे आपणांस ठाऊकच असेल. डोंगरातील खेड्यापर्यंत जे न्यावयाचे, ते आमच्या आवारातील वसतिगृहात नसावे, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटली.

आता मूळ विषयाकडे वळू. इंटरनेट आपल्या इमारतीत येते ते बहुधा काचेच्या बारीक तंतूतून. त्याची वाटणी करणारे यंत्र ते राउटर. राउटरपासून तारेने येणारा संदेश बिनतारी लहरींत पालटून मोबाईलपर्यंत पोचविणारे, आणि मोबाईलचा संदेश पुन्हा तारेत घालणारे जे यंत्र, त्यास ॲक्सेस पॉइंट म्हणतात. घरगुती राउटरच्या पेटीत ही दोन्ही कामे एकत्र असतात. मोठ्या इमारतीत मात्र ॲक्सेस पॉइंट निरनिराळ्या जागी वेगळे बसवावे लागतात.

ह्या लहरी नव्या नव्हेत. जर्मनीत हर्ट्झने त्या १८८८ च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केल्या, व १८९५ साली कलकत्त्यास आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी त्या भिंतीपलीकडे पोचवून तेथील घंटा वाजवून दाखविली. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटर. पहिली भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते. दुसरी लवकर थकते, परंतु अधिक वेगाने माहिती वाहते. अशी यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची असूनही एकमेकांशी बोलू शकतात, कारण त्यांचे सामाईक नियम १९९७ साली प्रथम ठरविण्यात आले. आपल्या देशात बिनतारी यंत्र बाळगण्यास १९३३ च्या कायद्याने परवाना लागे, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची यंत्रे विनापरवाना वापरण्याची मोकळीक २००५ साली मिळाली. तीही एक वॅटच्या मर्यादेतच.

आमची पहिली चूक ह्या शक्तीच्या संबंधातच झाली. एकच मोठा, लांब अँटेना असलेला ॲक्सेस पॉइंट कार्यालयाच्या व्हरांड्यात लावावा व त्याची शक्ती पूर्ण वाढवावी, म्हणजे आवाज वसतिगृहापर्यंत जाईल, असा आमचा हिशेब होता. वसतिगृहात मोबाईलवर रेघा चांगल्या दिसत. तरीही अर्ज भरू जाता गुणपत्रिकेची प्रत वर चढेना. चक्र फिरत राही आणि शेवटी सारे रद्द होई. मुले म्हणत, “सर, रेघा तर आहेत!” आम्हीही कोड्यात पडलो.

कोड्याचे उत्तर सोपे आहे. बहिरमच्या यात्रेतील लाउडस्पीकर दूरच्या शेतात ऐकू येतो. परंतु शेतातल्या माणसाने उलट हाक मारली, तर ती लाउडस्पीकरवाल्याच्या कानी पडत नाही. आमचा ॲक्सेस पॉइंट हा लाउडस्पीकर होता, आणि मोबाईल हा शेतातला माणूस. मोबाईलची बिनतारी शक्ती सामान्यतः वॅटच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसते. आम्ही बोलण्याचा जोर वाढविला, ऐकण्याची सोय मात्र वाढविली नाही. रेघा दिसतात त्या आपल्याला काय ऐकू येते ह्याच्या. आपले कोणास ऐकू जाते, हे त्या सांगत नाहीत. म्हणून शक्ती वाढविण्यापेक्षा ॲक्सेस पॉइंट माणसांच्या जवळ नेणे, हा ह्या शास्त्रातील पहिला नियम होय.

दुसऱ्या खेपेस आम्ही आधी पाहणी केली. इमारतीचा नकाशा कागदावर काढला. एक ॲक्सेस पॉइंट बांबूला बांधून जेथे लावावयाचा त्या जागी धरला, त्याची शक्ती मोबाईलच्या शक्तीइतकी खाली आणली, आणि मोबाईल घेऊन मुले प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांत फिरली. मोबाईलमधील एका साध्या ॲपवर संदेशाची तीव्रता डेसिबलच्या मापात, उणे आकड्यांनी दिसते. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत बोलणे-पाहणे सुरळीत चालते. उणे ८० च्या खाली काम अडते. ध्यानात ठेवावे की उणे ६० च्या जागी उणे ७० आले, तर शक्ती थोडी घटली असे नसून ती दहावा हिस्सा उरली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास शक्ती चतुर्थांश होते, म्हणजे मापावर सहाने उतरते. भिंती आडव्या आल्या तर त्यांची घट वेगळी.

कोणती वस्तू किती अडविते, हेही मुलांनी पडताळून पाहिले. लाकडी दार फारच थोडे अडविते. विटांची भिंत त्याहून अधिक. जाड काळा दगड फारच अधिक. लोखंडी कपाट व पत्रा हे लहरी जवळजवळ परतवूनच लावतात. पाणी त्या शोषून घेते; आणि माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच असल्यामुळे रिकाम्या वर्गातील माप व मुलांनी भरलेल्या वर्गातील माप एक येत नाही. अमरावतीच्या जुन्या परकोटातून माणसांची ये-जा दरवाजांनी व खिडक्यांनीच होत असे. आमच्या दगडी इमारतीत लहरींचीही गत तीच. त्या भिंतीतून फारशा न जाता दारे-खिडक्यांतून वाट काढीत होत्या.

येथे वऱ्हाडाच्या उन्हाळ्याने आम्हांस आणखी एक धडा दिला. पाहणी जानेवारीत झाली होती. मार्च उलटताच खिडक्यांतून कूलर बसले. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, आत पाण्याची टाकी, आणि तीन बाजूंस भिजलेल्या ताट्या. लहरींना अडविण्यासाठी ह्याहून चांगली योजना कोणास सुचली नसती! व्हरांड्यातून खिडकीवाटे ज्या तीन खोल्यांत संदेश जाई, त्या तीनही खोल्या एका आठवड्यात मुक्या झाल्या. म्हणून पाहणी करताना इमारत आज कशी आहे एवढेच न पाहता, वर्षभर ती कशी असते हे पाहावे. आम्ही व्हरांड्याचा नाद सोडला आणि एका मोठ्या यंत्राच्या जागी पाच लहान यंत्रे खोल्यांच्या आत छताखाली लावली. त्यांपैकी दोन वसतिगृहाच्या निजण्याच्या दालनांतच आहेत.

यंत्रे अनेक झाली की ती एकमेकांवर ओरडणार नाहीत, ह्याची व्यवस्था करावी लागते. १९७१ साली हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी ‘अलोहा’ नावाचे बिनतारी जाळे चालू केले. त्यात ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे, दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळल्यास प्रत्येकाने थोडे थांबून पुन्हा सांगावे, अशी रीत होती. वायफायची रीत हिच्याच पुढची आहे: बोलण्यापूर्वी आधी ऐकावे, कोणी बोलत असल्यास थांबावे. परंतु मध्ये जाड भिंत असलेल्या दोन खोल्यांतील मोबाईल एकमेकांस ऐकूच शकत नाहीत. दोघेही वाट मोकळी समजून एकदम बोलतात, आणि दोघांचाही संदेश वाया जातो. एकच यंत्र मध्यभागी ठेवून अनेक खोल्या भागवू नयेत, ह्याचे हे दुसरे कारण.

शेजारशेजारच्या यंत्रांस वेगळे चॅनेल द्यावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत. पण त्यांत परस्परांतील अंतर ५ मेगाहर्ट्झचे व प्रत्येकाच्या संदेशाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झची असल्यामुळे एकमेकांत न मिसळणारे असे १, ६ व ११ हे तीनच हाती उरतात. ते बुद्धिबळाच्या पटावरील घरांप्रमाणे आलटून पालटून वाटावे, आणि वरचा मजला विसरू नये. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल पुष्कळ आहेत. तेथे भिंत शत्रू नसून मित्र होते, कारण शेजारच्या वर्गाचा गलबला ती बाहेरच ठेविते.

बिनतारी जाळ्याचे अर्धे यश तारेवर अवलंबून असते, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटपर्यंत तांब्याची केबल नेली पाहिजे, व ती १०० मीटरहून लांब नसावी. ह्याच केबलमधून वीजही देता येते. त्यामुळे छताजवळ विजेचे वेगळे बटण लागत नाही. शिवाय वीज पुरविणारा स्विच एका इन्व्हर्टरवर ठेविला की वीज गेली तरी सर्व यंत्रे चालू राहतात. केबल पाइपातूनच न्यावी, कारण उंदीर व खारी तिला दात लावल्यावाचून राहत नाहीत. एका इमारतीतून दुसरीत जाताना मात्र तांबे नको, काचेचा तंतू घालावा. मृगाच्या विजा कडाडू लागल्या म्हणजे उघड्यावरील तांबे त्यांचा झटका थेट यंत्रांपर्यंत आणते. काच आणीत नाही. शेवटी कुलूप: पासवर्ड लांब ठेवावा, २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही संरक्षणाची रीत यंत्रात असल्यास तीच निवडावी, आणि कार्यालयाचे जाळे विद्यार्थ्यांच्या जाळ्याहून निराळे करावे.

हे सर्व यथास्थित झाल्यावर सुमारे शंभर किलोमीटरवरील अकोल्याच्या आमच्या भगिनी शाळेने आमचाच नकाशा मागविला. तो तेथे चालला नाही! ती इमारत सिमेंट-काँक्रीटची आहे. तिच्या विटांच्या पातळ भिंतींतून संदेश सहज जाई, म्हणून प्रत्येक खोलीत यंत्र लागले नाही. परंतु लोखंडी सळयांच्या स्लॅबमधून तो वर जाईना, म्हणून प्रत्येक मजल्यास स्वतंत्र यंत्रे द्यावी लागली. सभागृहास पत्र्याचे छत आहे. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो, आणि तापलेल्या पत्र्यालगत त्याहूनही अधिक. यंत्र किती उष्णता सोसते हे त्याच्या माहितीपत्रकावर छापलेले असते. पुष्कळांची मर्यादा ४० वा ५० अंशच असते. म्हणून तेथे यंत्र छताखाली न टांगता भिंतीवर, माणसाच्या हाताच्या थोडे वर लाविले. सारांश, नियम एकच असले तरी नकाशा प्रत्येक इमारतीने आपला आपणच काढावा लागतो.

यंदा प्रवेशाच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वसतिगृहात गेलो असता, मेळघाटातील एक विद्यार्थी आपल्या खाटेवर बसून अर्ज भरीत होता. शहरातील इंटरनेट कॅफेत दोन चकरा मारून तो पूर्वी रिकाम्या हाताने परतला होता. पाच मिनिटांत पोच आली, आणि ती त्याने आम्हांस न बोलता दाखविली. यंत्रे तीच, लहरी त्याच. केवळ ऐकणारे यंत्र त्याच्या खाटेजवळ गेले होते. ज्याचा आवाज सर्वांत क्षीण, त्याच्या जागी उभे राहून माप घ्यावे, हा नियम आम्ही ह्या कामातून शिकलो; आणि तो वायफायपुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही.

अभ्यासाकरिता: (१) आपल्या घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीतील संदेशाचे माप त्यावर लिहा, दार लावून व उघडे ठेवून असे दोनदा घ्या. (२) उणे ६४ चे उणे ७० झाल्यास शक्ती कितवा हिस्सा उरली? (३) तुमच्या घरी कूलर कोठे बसतो, आणि तो बसल्यावर कोणत्या खोलीचे माप उतरते?